फुटक्या बांगडीचे वय

मृगाचे दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेले की गावाच्या पांढरीवरून चालताना नजर जमिनीकडे ठेवावी. वरची धूळ वाहून गेलेली असते. खापराचे तुकडे, हाडाचे तुकडे, क्वचित एखादा मणी उघडा पडलेला असतो, आणि मध्येच निळा किंवा हिरवा असा एखादा बांगडीचा तुकडा उन्हात चमकतो. केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावातला एखादा विद्यार्थी असा तुकडा उचलून शाळेत आणतो आणि विचारतो, "सर, ही बांगडी किती जुनी असेल?"

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र सोपे नाही. तुकडा मागच्या वर्षीच्या जत्रेतला असू शकतो, पणजीच्या काळातला असू शकतो, बहमनी अमदानीतला असू शकतो किंवा थेट सातवाहनांच्या काळातलाही असू शकतो. दोन हजार वर्षांचा हा फरक ओळखायचा कसा? या लेखात त्याची पद्धत पाहू या. ती पाहताना रसायनशास्त्र, भूमिती आणि इतिहास हे तिन्ही विषय एकाच तुकड्यात भेटतील.

बांगडी फुटत नाही

आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ती 'वाढवली' किंवा 'पिचली' म्हणतात. नाव काही दिले तरी काच ठिसूळ असते ती असतेच. धुणे धुताना, दळण दळताना, शेतात काम करताना बांगड्या पिचत राहिल्या. नवरा गेल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या फोडण्याची क्रूर चालही शतकानुशतके चालत आली. सोने वितळवून पुन्हा वापरले जाते, तांबे मोडीत जाते, कापड कुजते. बांगडीचा तुकडा मात्र कोणी जपून ठेवत नाही आणि तो कुजतही नाही. म्हणून जुन्या वस्तीच्या जागी खापरांच्या खालोखाल जे विपुल मिळते त्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे येतात.

ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखात किंवा ताम्रपटात आली नाहीत, अशा सामान्य घरांतल्या स्त्रियांची ही खूण आहे. तिचे वय नीट ठरवणे महत्त्वाचे वाटते ते याचसाठी.

नकाशावरची एक रेषा

मराठवाड्याचा नकाशा घ्या. पैठण आणि तेर या दोन ठिकाणांना जोडणारी रेषा पट्टीने काढा. ती बीड जिल्ह्याच्या मधून जाते आणि नांदूरघाट तिच्यापासून फारसे दूर राहत नाही. पैठण ही सातवाहनांची राजधानी. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे ग्रीक लेखनातले 'तगर', ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली पटवून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात ही दोन्ही नगरे येतात. तेथला माल गाड्यांवर लादून, वाटा नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला नेत, असे त्यात म्हटले आहे. भडोचला बाहेरून येणाऱ्या मालाची यादीही त्यात आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे यांच्याबरोबर त्या यादीत कच्ची काचही आहे.

म्हणजे आपल्या भागात काचेचा व्यवहार दोन हजार वर्षांचा आहे. तेरला १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. त्याही आधीपासून गावातले रामलिंगप्पा लामतुरे शेतात व पांढरीत सापडणाऱ्या वस्तू गोळा करीत होते. आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. सहल न्यायचीच तर मराठवाड्यातल्या शाळांनी ती एकदा तेथे न्यावी.

आधी काच म्हणजे काय ते पाहू

काचेचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे वाळू. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि जुन्या भट्ट्यांना ते साधत नव्हते. वाळूत सोडा किंवा पोटॅश यांसारखा क्षार मिसळला की मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळते. पण केवळ सोडा घातलेली काच पाण्यात विरघळते, म्हणून तिसरा घटक म्हणून चुना लागतो. वाळू, क्षार आणि चुना मिळाले की काच झाली. रंग येतो तो धातूंच्या संयुगांनी. अगदी थोड्या कोबाल्टने गडद निळा रंग येतो. तांब्याने आकाशी येतो, आणि तीच तांब्याची काच धुरकट, प्राणवायू कमी असलेल्या आचेत ठेवली तर अपारदर्शक लाल होते. लोखंडामुळे हिरवट छटा येते.

क्षार कोठून आणायचा हा जुन्या कारागिरांपुढचा खरा प्रश्न होता. उत्तर भारतात खाऱ्या जमिनीवर फुलून येणारी 'रेह' वापरत. आपल्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहेच. त्याच्या काठावरचा सोडा शेकडो वर्षे गोळा केला जात होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारच्या परिसरात काच आणि साबण करण्याचे सर्व साहित्य मिळते अशी नोंद आहे.

पहिली साक्ष : घडणीची

आता तुकडा हातात घ्या आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावा. काच घट्ट होताना तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात. कारागिराचा हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने ते लांबट होतात. वस्तू कशी घडवली याची ही नोंद काच स्वतःच ठेवते.

मण्यांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. वितळलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे केले असतील, तर बुडबुडे व रेषा भोकाला समांतर असतात. तापल्या काचेचा धागा सळईवर गुंडाळून मणी केला असेल, तर त्या भोकाभोवती वळसे घेतात. साच्यात दाबलेल्या मण्यावर दोन अर्ध्या भागांची कड दिसते.

बांगडीच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत काचेची सळई वाकवून दोन टोके जोडतात. अशा बांगडीवर कोठेतरी सांधा असतो. दुसऱ्या रीतीत तापल्या काचेच्या गोळ्याला भोक पाडतात आणि तो मातीच्या शंकूवर फिरवत फिरवत रुंदावतात. अशा बांगडीला सांधा नसतो. तिच्या आतल्या बाजूला सपाटपणा आणि मातीचा खरखरीत स्पर्श राहतो.

येथे एक सावधगिरी हवी. सांधा दिसला म्हणजे बांगडी अमुक काळाची, असे म्हणता येत नाही. सातवाहन काळातही सांध्याच्या बांगड्या होत. विसाव्या शतकात फिरोजाबादला काचेचा तार फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखा गुंडाळत, तो कापून सुटी कडी करत आणि त्यांची टोके दिव्याच्या ज्योतीवर जोडत. म्हणजे तीही सांध्याचीच. ओढलेल्या नळीचे बारीक मणी तर याहून अवघड. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला ते दोन हजार वर्षांपूर्वी होत, आणि आंध्रातल्या पापनायडूपेट येथे तीच रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अभ्यासकांना पाहायला मिळाली. हे मणी पूर्व आफ्रिकेपासून जपानपर्यंत सापडतात. नुसता असा एक मणी पाहून त्याचे शतक सांगू लागणाऱ्याचे ऐकू नये.

काही प्रकार मात्र बोलके असतात. पारदर्शक काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पातळ वर्ख असलेले मणी दख्खनेत सातवाहनकालीन स्थळांवर मिळाले आहेत. एकरंगी पायावर पिवळ्या, लाल, पांढऱ्या, हिरव्या काचेच्या रेषा, ठिपके किंवा पीळ बसवलेल्या बहुरंगी बांगड्या मोठ्या संख्येने मिळतात त्या मात्र मुख्यतः बहमनी काळापासूनच्या थरांत. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. तेथे खाली सातवाहनांचे आणि वर बहमनींचे थर होते. त्यामुळे दोन्ही काळांतल्या बांगड्या शेजारी ठेवून पाहता आल्या. दीक्षितांनी पुढे आयुष्यभर मणी आणि काच यांचा अभ्यास केला. भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. देशातल्या काचेचा इतका सविस्तर आढावा त्यापूर्वी कोणी घेतला नव्हता.

दुसरी साक्ष : द्रव्याची

काच कशाची केली हे प्रयोगशाळेत कळते. भारतीय काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण सर्वसाधारणपणे जास्त, पुष्कळदा ५ टक्क्यांहून अधिक असते, कारण आपली वाळू शुद्ध नसून तिच्यात फेल्डस्पारसारखी खनिजे मिसळलेली असतात. रोमन साम्राज्यातल्या काचेत हेच प्रमाण २ ते ३ टक्के असते. तेव्हा तेरच्या एखाद्या मण्याची काच देशी की समुद्रापलीकडची, हे आता सांगता येते. रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदरातील उत्खननात मिळालेल्या काचेचे विश्लेषण झाले. तिच्यात वाळूबरोबर आपोआप आलेल्या युरेनियमचा अंश नेहमीपेक्षा जास्त आढळला. त्याच घडणीची काच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मण्यांतही मिळाली. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. कोकणकिनारा आणि आफ्रिका यांच्यामधल्या व्यापाराचा हा रासायनिक पुरावाच म्हणायचा.

द्रव्यावरून आणखी एक गोष्ट कळते : वस्तू कोणत्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही. क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ साली सापडले. म्हणून मुद्दाम क्रोमियम घालून गडद हिरवी केलेली बांगडी शिवकाळातली असणार नाही. बोहेमियात १८३० च्या सुमारास युरेनियम घालून पिवळसर-हिरवी काच करू लागले. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ती काच हिरवी झगमगते. चौलच्या काचेतला नैसर्गिक अंश अगदीच अल्प असतो, त्याची याच्याशी गल्लत करू नये. पिवळ्या-हिरव्या बांगडीचा तुकडा असा झगमगला तर तो एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा समजावा.

आणि असे तुकडे आपल्याकडे मिळणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या गाब्लोन्झ या गावी खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी बांगड्या तयार होत. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात असून याब्लोनेट्स नावाने ओळखले जाते. मुंबई बंदरात उतरलेला हा माल कासारांच्या पेटाऱ्यातून खेडोपाडी पोचे आणि देशी काचाऱ्यांच्या भट्ट्यांना त्याच्याशी टिकाव धरता येत नसे. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी बांगड्यांवर बहिष्कार आला तो यामुळेच. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर ऑस्ट्रियाचा माल बंद पडला. मग जपानी बांगड्या आल्या आणि फिरोजाबादचा धंदा वाढला.

नाताळच्या गोळ्याचा दाखला

'याच्या आधीचा नाही' हे तर्कशास्त्र किती नेमके चालते याचे उत्तम उदाहरण युरोपातले आहे. नाताळच्या झाडावर टांगायचे चकाकते काचेचे गोळे आपण पाहिले असतील. जर्मनीतल्या थुरिंगियामधील लाउशा या काचकारांच्या गावी त्यांचा धंदा वाढला. आज जुने गोळे जमवणारे हौशी लोक त्यांचे वय दहा-वीस वर्षांच्या फरकाने सांगू शकतात. कसे, ते पाहा.

सर्वांत जुने गोळे जाड काचेचे आणि वजनदार, आतून शिशाचा किंवा कथलाचा मुलामा दिलेले. लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिल्व्हर नायट्रेटपासून काचेवर चांदीचा थर बसवण्याची रीत दिली. ती रूढ झाल्यावर आतला मुलामा चांदीचा झाला. १८६७ साली लाउशाला गॅसचा कारखाना निघाला. गॅसची ज्योत हवी तशी कमीजास्त करता येते, म्हणून काच कागदासारखी पातळ फुंकता येऊ लागली. १९३९-४० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने विजेच्या दिव्याचे फुगे करणाऱ्या यंत्रावरच हे गोळे काढायला सुरुवात केली. ते अगदी एकसारखे असतात. दुसऱ्या महायुद्धात धातूंची टंचाई झाली, तेव्हा गोळ्यांच्या आत चांदी नाही आणि वरची टोपी पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची, असा माल निघाला. युद्धानंतर जर्मनीचे चार भाग झाले. त्यांपैकी अमेरिकन भागातला म्हणून शिक्का असलेला गोळा १९४५ च्या आधीचा असणे शक्यच नाही.

काचेच्या आड धातू ठेवून झळाळी आणायची ही युक्ती सातवाहनकालीन सोनेरी वर्खाच्या मण्यांत आपण पाहिलीच. फरक एवढाच की लाउशा आणि कॉर्निंग यांच्याजवळ कारखान्यांच्या वह्या, जाहिराती, पत्रके शिल्लक आहेत. आपल्या काचाऱ्यांनी वह्या ठेवल्या नाहीत. त्यांची वही म्हणजे जमीन.

तिसरी साक्ष : जागेची

काच कार्बनची नसते, म्हणून कार्बन-१४ ची पद्धत तिला लागू पडत नाही. जमिनीत पडलेल्या काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा येतो. ओलाव्यामुळे काचेतला सोडा हळूहळू झरपतो, सिलिकेचे पातळ थर मागे राहतात आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्यांवर दिसतात. १९६१ साली रॉबर्ट ब्रिल यांनी हे थर झाडाच्या वलयांप्रमाणे मोजून काचेचे वय काढण्याची कल्पना मांडली होती, परंतु ती भरवशाची ठरली नाही. पापुद्रा किती लवकर येईल ते माती, पाणी आणि काचेचा कस यांवर अवलंबून असते. तेव्हा पापुद्रा आहे म्हणून तुकडा प्राचीन, असे म्हणता येत नाही.

मग वय ठरते कशावरून? शेजाऱ्यांवरून. बांगडीचा तुकडा ज्या थरात होता त्याच थरात एखादे नाणे असेल, ओळखीच्या घडणीचे खापर असेल, चुलीतला कोळसा असेल. नाणे वाचता येते, कोळशाचे वय काढता येते. १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजने नेवाशाला उत्खनन केले. तेथे सातवाहन आणि रोमन व्यापाराच्या काळाचे थर खाली, मुस्लिम-मराठा काळाचे वर आणि मधल्या कित्येक शतकांची वस्तीच नाही, असे दिसले. अशा स्थळी कोणती बांगडी कोणत्या थरातली याबद्दल गोंधळ होत नाही. घडणीवरून आणि द्रव्यावरून काळ सांगण्याचे सारे नियम शेवटी अशा नीट खणलेल्या थरांवरच उभे आहेत.

आणि नेमकी हीच साक्ष आपण पुसत आहोत. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांवर पांढरी माती टाकतात. दर पावसाळ्याआधी ती गावाच्या पांढरीतून आणत. खत म्हणून तीच माती शेतात पसरतात. पूर्वी हे काम टोपलीने आणि बैलगाडीने चाले, आता यंत्राने खणून ट्रॅक्टरने चालते. त्या मातीबरोबर सातवाहनांच्या काळातली बांगडी एखाद्या माळवदावर जाऊन बसते किंवा तुरीच्या शेतात पडते. ती बांगडी तीच असते, रंग तोच, घडण तीच, पण ती आता कोणाच्या शेजारी होती हे कधीच कळणार नाही. शेतकऱ्याला यात दोष देण्यात अर्थ नाही, त्याला मातीची गरज असते. शाळेने निदान त्या मातीत काय आहे हे गावाला सांगावे.

वर्गात काय करता येईल?

पहिली गोष्ट, खणायचे नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि अडाणीपणे खणलेला खड्डा म्हणजे फाडलेले पान. पावसाने उघडे पडलेले तुकडे पाहावेत, कोठे दिसले ते गावाच्या नकाशावर खूण करून मांडावे, तारीख लिहावी, चित्र काढावे. पांढरीत नवा खड्डा खणला जात असेल तर त्याच्या उभ्या भिंतीतले थर दुरून पाहून वहीत उतरवावेत. काही विशेष दिसले तर तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे.

दुसरी गोष्ट भूमितीची. तुकड्यावरून संपूर्ण बांगडीचा आकार काढता येतो. तुकड्याच्या आतल्या कमानीची दोन टोके जोडणारी जीवा मोजा. समजा ती ३० मिलिमीटर आहे. जीवेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची मोजा. समजा ती ४ मिलिमीटर आहे. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागा आणि त्यात उंचीचा निम्मा मिळवा : ९०० भागिले ३२ म्हणजे २८.१, अधिक २, म्हणजे ३०.१ मिलिमीटर. ही त्रिज्या झाली. व्यास सुमारे ६० मिलिमीटर. कासाराच्या मापात बसवायचे तर दोन इंच आणि सहा सोळांश, म्हणजे 'दोन-सहा'ची बांगडी. हे सूत्र कोठून आले ते मुलांनी पायथागोरसच्या प्रमेयाने सिद्ध करावे. व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास आला तर हात लहान मुलीचा होता असे समजायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, घरच्या आजींना विचारावे. त्यांच्या लहानपणी बांगड्या कोणत्या होत्या, कोठून येत, कासार वर्षातून केव्हा येई, आणि आजोबा गेल्यावर त्या बांगड्यांचे काय झाले. शेवटचा प्रश्न विचारताना जपून विचारावा, आणि आजी गप्प राहिली तर तेही वहीत लिहावे.

एवढे झाल्यावर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येईल. "ही बहुरंगी आहे, सांधा नाही, म्हणून बहुधा बहमनी काळातली किंवा नंतरची. पण ती तुला जेथे दिसली ती जागा आपण नकाशावर मांडून ठेवू. तेथे पुन्हा काही दिसले तर हाताने काढू नकोस, मला बोलाव."